मागच्या खोलीचं काम

(नगर, सावेडी. एका जुन्या बंगल्याची मागची खोली, खोकी आणि गाठोड्यांनी दारापर्यंत भरलेली. पुष्पावती, वय बासष्ट, निवृत्त हेडक्लार्क, खुर्चीत. सविता, वय पंचेचाळीस, उंबऱ्यात मोजपट्टी घेऊन उभी.)

पुष्पावती : …नाही, तसं चालणार नाही. काय ठेवायचं, काय टाकायचं ते मी सांगणार. तुम्ही फक्त उचलायचं.

सविता : नुसतं उचलायला हमाल मिळंल की काकू.

पुष्पावती : बँकेतली दिशा म्हणाली, आमच्याकडे धुण्याभांड्याला होती ती सविता आता घरं आवरून देते. मला वाटलं, आवरून म्हणजे झाडलोट.

सविता : झाडलोट, धुनीभांडी दिवाळीला सोडली. समदी घरं सोडली. आता हेच करते. हे कार्ड घ्या.

पुष्पावती : थांबा, चष्मा… हां. 'सविता गृहव्यवस्था. घर, कपाट, माळा लावून मिळेल. केडगाव.' शुद्धलेखन बरोबर आहे. कोणी लिहून दिलं?

सविता : लेकीनं. पूजा नाव तिचं. पुन्यात दवाखान्यात नर्स हाय. ती म्हनली, आई, तिकडं लोक ह्या कामाला मानूस बोलावत्यात. घड्या कशा घालायच्या, डब्यांवर चिठ्ठ्या कशा लावायच्या, मोबाईलवर समदं दावत्यात.

पुष्पावती : म्हणजे मोबाईलवर शिकलात.

सविता : चिठ्ठ्या तेवढ्या मोबाईलवर शिकले. बाकीचं येत हुतं.

पुष्पावती : आतापर्यंत किती घरं लावली?

सविता : एक. दिशामॅडमचं. ते वळखीतलं. वळखीबाहेरचं तुमचं पयलं.

पुष्पावती : खरं सांगितलंत.

सविता : आता मला सांगा, ही खोली कुनासाठी लावायची?

पुष्पावती : त्यानं काय फरक पडतो?

सविता : त्यानंच तर पडतो. म्हातारं मानूस असंल तर समदं हाताशी लागंल असं ठिवावं लागतं. लेकरू असंल तर खालच्या फळीवर काच चालत न्हाई.

पुष्पावती : माझा भाचा येणार आहे राहायला. हर्षल. त्याची बदली झाली सुप्याच्या एमआयडीसीत. तो आणि त्याची बायको, रुपाली. पाडव्याला येतील.

सविता : म्हंजी तीन आठवडं. लई झाले. ह्या खोक्यांत काय हाय?

पुष्पावती : हर्षलच्या वह्या. दुसरीपासूनच्या.

सविता : आन् ह्या गाद्या?

पुष्पावती : पाहुण्यांसाठी.

सविता : पाहुनं येत्यात का लई?

पुष्पावती : यायचे.

सविता : हे पाच कुकर?

पुष्पावती : तीन निवृत्तीला मिळाले, दोन त्याआधी बदलीच्या वेळी. सगळ्यांना एकच सुचतं.

सविता : एक बी खोक्यातनं काढला न्हाई.

पुष्पावती : एकटीच्या भाताला पातेलं पुरतं.

सविता : बरं. उद्यापासनं लागू आपन. त्याच्याआधी एक फोटो काढू का? आधीचा एक, नंतरचा एक. पूजा म्हनती, स्टेटसला टाकायचे, तवाच लोक बोलावतील.

पुष्पावती : फोटो नको.

सविता : तुमचं तोंड येत न्हाई त्यात.

पुष्पावती : खोलीचं तोंड येतं ना.

सविता : काकू, दिशामॅडमच्या बँकेतल्या तिघीजनी थांबल्यात. म्हनल्यात, आधी दुसऱ्या कुनाचं काम दाखव, मंग बोलवू. मी धरलेली समदी कामं सोडून बसलेय.

पुष्पावती : काम चांगलं केलंत तर मी लिहून देईन. सहीनिशी. फोटो मात्र नको.

* * *

पुष्पावती : काल तुम्ही गेल्यावर मी आठवून पाहिलं. दिवसभरात एकदाही 'टाका' म्हणाला नाहीत.

सविता : मी म्हनत न्हाई.

पुष्पावती : दिशा तर म्हणत होती, या कामात आधी टाकायलाच लावतात.

सविता : लावत असतील. मी इचारते. एका वस्तूला तीनदा इचारते. ही चादर कुनाची, कवा वापरली, गेली तर आठवंल का. तिसऱ्यांदा मानूस आपसूक सांगतं.

पुष्पावती : चादर नवीन आहे. कोणाचीच नाही. द्या कोणाला तरी. आणि हे कुकर चार द्या, एक ठेवा.

सविता : बघा. मी काय म्हनले का?

पुष्पावती : कुठे शिकलात हे? परवा म्हणालात, बाकीचं येत होतं.

सविता : मी पाथर्डीकडची. चौदा सालं कारखान्याला गेले, ऊस तोडायला. दसरा झाला की ट्रॅक्टर दारात. एका ट्रॉलीत चार घरं, म्हंजी एका घराला ट्रॉलीचा एक कोपरा. त्यात सा महिन्यांचा संसार बसवायचा. बाजरीचं पोतं, गोधड्या, तवा, दोन पातेली, पूजाचं दप्तर. बसंल ते आपलं. तेलाचा एक डबा जास्ती घेतला की गोधडी मागं ऱ्हाती. थंडीत फडाच्या कडंला, उसाच्या पाचटाच्या कोपीत, गोधडी न्हाई म्हंजी काय, ते एकदा बघितलं की मानूस सामान लावायला शिकतं.

पुष्पावती : चौदा वर्षं.

सविता : बाया मला बोलवायच्या. सविता, आमचं बी बसवून दे. मी समद्यांचं बसवून द्यायची आन् मंग माजं. तवा कुनी त्याला धंदा म्हनत नव्हतं.

पुष्पावती : आणि मालक?

सविता : बजरंग. सा वर्सं झाली. फडातच गेला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढला, मोळी टाकली, उतरून आला आन् म्हनला, पानी दे. मी कळशीकडं गेले. वळून बघितलं तर बसल्या जागी कलंडलेला.

पुष्पावती : अरेरे.

सविता : तिकडंच अग्नी दिला त्याला, कारखान्याच्या गावात. हंगाम दोन महिनं बाकी हुता, तो पुरा केला. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात. तो गेल्यावर मुकादमानं माझ्या नावापुढं अर्धा कोयता लिवलं.

पुष्पावती : असं लिहितात?

सविता : तसंच म्हनत्यात, त्यात त्याची काय चूक. ते न्हाई लागलं मला. दुसरंच लागलं. त्याचे तीन शर्ट हुते, एक घोंगडी. टोळीतल्या मान्सांनी मागितले. थंडी हुती, देऊन टाकले. मला वाटलं, शहानपना केला. परतताना ट्रॉलीत जागा बी झाली. घरी येऊन बोचकं सोडलं, तर त्याचं म्हनून काय बी नव्हतं त्यात. वास घ्यायला बी न्हाई. तवापासनं मी कुनाला टाका म्हनत न्हाई.

पुष्पावती : पाणी देऊ का?

सविता : नको. ही सायकल कुनाची?

पुष्पावती : हर्षलची. आठवीत घेतली. त्याची आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. वर्षभरात माझ्या भावानं दुसरं लग्न केलं. नवी बाई म्हणाली, मुलगा नको. मी म्हटलं, मला हवा आहे. एका पिशवीत कपडे आणि एका हातात बूट, असा आला इथे. मला स्थळं येत होती तोवर. मूल घरात आलं म्हटल्यावर थांबली.

सविता : वाईट वाटलं का?

पुष्पावती : वेळच नव्हता. ऑफिस, शाळा, डबा. त्याला गणित जमायचं नाही, मला रोज रात्री त्याच्या आधी शिकावं लागायचं. इंजिनीअर झाला तो. निकालाच्या दिवशी ऑफिसात मी स्वतः प्रत्येक टेबलावर पेढा ठेवला. साहेबांच्या आधी शिपायाला दिला.

सविता : मंग सायकल ठिवायची.

पुष्पावती : पंक्चर आहे. दोन्ही चाकं.

सविता : दुसऱ्यांदा इचारते. ठिवायची?

पुष्पावती : ठेवा.

सविता : बरं. आता ह्या भिंतीला त्यांचं कपाट येनार. किती रुंद हाय, ते सूनबाईंना फोन करून इचारा की.

पुष्पावती : विचारते.

सविता : आत्ताच इचारा. मंग मला फळ्या ठोकता येतील.

पुष्पावती : ती कामात असते या वेळी. तुम्ही पाच फूट सोडा अंदाजे.

सविता : कपाट अंदाजानं येत न्हाई काकू.

पुष्पावती : सोडा म्हटलं ना.

* * *

हर्षल : हॅलो, आत्या?

सविता : काकू न्हाईत. दूध संपलं म्हनून कोपऱ्यावर गेल्यात, फोन हितंच ऱ्हायला. मी सविता बोलतेय. खोली लावायला आलेली.

हर्षल : कसली खोली?

सविता : तुमचीच की. मागची. हर्षलदादाच ना तुमी? बरं झालं फोन केला. तीन दिवस लागून समदी मोकळी झाली बघा. फरशी दिसाया लागली. तुमचं कपाट किती रुंद हाय तेवढं सांगा, पाच फूट सोडलेत मी.

हर्षल : कोणतं कपाट?

सविता : पाडव्याला आननार ते.

हर्षल : एक मिनिट. आत्यानं काय सांगितलं तुम्हाला?

सविता : तुमची सुप्याला बदली झाली, तुमी आन् रुपालीवैनी हितं ऱ्हायला येनार म्हनून.

हर्षल : ताई, आम्ही सुप्यात येऊन सव्वा महिना झाला. कंपनीजवळच फ्लॅट घेतलाय भाड्यानं. सामान लावूनही झालं.

सविता : मंग ह्यांना ठावं न्हाई?

हर्षल : मी स्वतः येऊन सांगितलं. तिनं चहा केला, सगळं विचारलं. पाणी येतं का, ऊन कुठल्या बाजूनं येतं.

सविता : इसरल्या असतील का?

हर्षल : आत्या? तिला माझा दहावीचा बैठक क्रमांक अजून पाठ आहे.

सविता : म्हंजी ठावं असून बी पाच फूट सोडा म्हनल्या.

हर्षल : रुपालीला तिचं स्वतःचं घर लावायचं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली, आत्तापर्यंत तिच्या आईकडे होतो आम्ही. आता कुठे दोघांचं झालंय. यात काही चूक आहे का?

सविता : मी कुठं म्हनले चूक.

हर्षल : आणि सुपं काही लांब नाही.

सविता : न्हाई. आमच्या केडगावावरनंच रस्ता जातो. सव्वा महिन्यात कितीदा आला?

हर्षल : रोज फोन करतो मी. सकाळी. गोळ्या घेतल्यास का, विचारतो.

सविता : व्हय.

हर्षल : हे बघा, माझं जे काही तिथे असेल, वह्या, सायकल, ते देऊन टाका कुणाला तरी. तिला त्या पसाऱ्याचा उगाच त्रास.

सविता : ते मला करता येत न्हाई. ती खोली त्यांची हाय.

हर्षल : बरं. पण मी हे बोललो ते तिला सांगू नका. तिला वाटतंय येणार, तर वाटू दे सध्या. तुम्ही काम पूर्ण करा. पाडव्याला आम्ही जेवायला येऊ, तेव्हा मी बोलेन तिच्याशी.

सविता : येनार ना नक्की? मी त्यांना काय सांगनार न्हाई, पन मला सांगा.

हर्षल : बहुतेक. रुपालीच्या आईकडेही असतं त्या दिवशी.

* * *

पुष्पावती : दूधवाल्याकडे ही गर्दी. चहा टाकते. तुम्ही अशा खाली का बसलात? फळ्या ठोकायच्या राहिल्या का?

सविता : काकू, जरा बसा.

पुष्पावती : पडलात की काय?

सविता : न्हाई. हर्षलदादाचा फोन आल्ता. मी उचलला.

पुष्पावती : काय म्हणाला?

सविता : सांगू नका म्हनला. मी बी न्हाई सांगनार म्हनले. पन तुमी दूध घेऊन आत आला तसं मला कळलं, माझ्यानं व्हनार न्हाई. पोटात एक ठिवायचं आन् तोंडानं कपाटाचं माप इचारायचं.

पुष्पावती : सुप्याचा फ्लॅट.

सविता : तुमाला ठावं हाय.

पुष्पावती : मला वेड नाही लागलेलं. चौतीस वर्षं नोकरी केली. एकदा सांगितलेलं मला कळतं.

सविता : मंग मला का असं सांगितलं? मी तीन दिवस दोघांच्या मापानं खोली लावतेय. त्या पोरीला आरसा कुठं लागंल, त्याची बॅग कुठं बसंल. मी घरी जाऊन बी त्याच इचारात. माझं पयलं काम हाय हे.

पुष्पावती : चुकलंच ते.

सविता : रागानं न्हाई इचारत. कशापायी, ते इचारते.

पुष्पावती : दिवाळीला आले होते दोघं. फराळ करून निघताना रुपाली या दारातून डोकावली आणि म्हणाली, आत्या, इथे तर पाय ठेवायला जागा नाही. हसून म्हणाली हो. वाईट नाही ती. पुढे फ्लॅट घेतल्याचं सांगायला हर्षल आला, तेव्हा म्हणाला, तुला अडचण नको आमची. मी त्या दोन वाक्यांची फाईल केली. वाटलं, अडचण म्हणजे ही खोली. भरलेली आहे म्हणून येत नाहीत. तर कारण तरी काढून टाकावं.

सविता : म्हंजी मोकळी झाली की येतील.

पुष्पावती : असं मी मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं. तुला सांगताना पहिल्यांदा तोंडातून गेलं, आणि बोलल्यावर खरं वाटायला लागलं. तू विचारायचीस, त्यांना उशाशी दिवा लागतो का, आणि मी उत्तर द्यायची. तीन दिवस फार बरे गेले गं. आता बघ. किती जागा आहे. दोन माणसं काय, चार राहतील. खोली भरलेली होती तेव्हा मला कारण होतं. आता मी मला काय सांगू?

सविता : मी हे काम घ्यायला नको हुतं.

पुष्पावती : तसं नाही. तू काम चोख केलंस. काम चोख झालं म्हणूनच दिसतंय.

सविता : चहा टाका. न्हाई, ऱ्हाऊ द्या. बसा अशाच.

पुष्पावती : सविता, केडगावला कोण असतं तुझ्याकडे?

सविता : कुनी न्हाई. पूजा पुन्याला. एक खोली हाय भाड्याची. खाली पिठाची गिरनी. दुपारभर भिंत थरथरती, ती थांबली की मंग सुचत न्हाई.

पुष्पावती : मग इथे ये. या खोलीत. भाडं नको. तुझं तू कर, माझं मी. सकाळी एकमेकींना दिसलो तरी पुरे. मी उगाच म्हणत नाहीये. पूजा आली तर तिलाही जागा आहे.

सविता : ठावं हाय, उगाच न्हाई म्हनत तुमी. म्हनूनच बोलायला जड जातंय.

पुष्पावती : बोल.

सविता : मी आले, तर पयल्या आठवड्यात आपन दोघी नीट ऱ्हाऊ. मंग एक दिस तुमचं डोकं दुखंल. तुमी म्हनाल, सविता, तेवढा चहा टाक. मी टाकीन. मंग तुमची दोन भांडी पडलेली दिसतील, मी घासीन. तुमी सांगनार न्हाई, मीच घासीन, माझ्या हाताला सवय हाय. वर्साच्या आत मी तुमची कामवाली होईन. चांगली कामवाली. आन् ते कार्ड कपाटात ऱ्हाईल.

पुष्पावती : मी तसं होऊ देणार नाही.

सविता : तुमी न्हाई. मीच. चौदा सालं दुसऱ्याच्या वावरात कोपी घालून ऱ्हायले, सा सालं दुसऱ्याच्या मोरीत. केडगावची ती खोली लई बारकी हाय, गिरनीचं पीठ उडतं, पन दाराला कुलूप माझं हाय. तिथं मी कुनाचं काय बी लागत न्हाई. ते मला आत्ता पायजे.

पुष्पावती : बरं.

सविता : रागावला?

पुष्पावती : नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. फक्त मला इतकं नीट बोलता आलं नसतं.

सविता : आता मी इचारू? तुमी झोपता कुठं?

पुष्पावती : पुढच्या खोलीत. दिवाणावर.

सविता : किती सालं?

पुष्पावती : हर्षल शिकायला बाहेर गेला तेव्हापासून. तेव्हाच इथे सामान ठेवायला सुरुवात झाली. सोळा वर्षं झाली असतील.

सविता : त्या दिवाणावर पाय लांब करता येत न्हाईत. मी पयल्या दिवशीच मापला. पाच फुटाचा बी न्हाई.

पुष्पावती : मी आखडून झोपते.

सविता : रस्त्याच्या गाड्यांचा आवाज, दारातनं वारा. आन् ही खोली पूर्वेची. खिडकीबाहेर लिंबाचं झाड. दुसऱ्यांदा इचारते, खोली कुनासाठी लावायची?

पुष्पावती : सवय नाही मला.

सविता : तिसऱ्यांदा इचारते.

पुष्पावती : …माळ्यावर आईच्या पलंगाची लाकडं आहेत. जोडता येतील?

सविता : येतील. खिळं हायेत माझ्याकडं. तुमी गादी निवडा, पाहुन्यांच्या आठ गाद्या हायेत. दाबून बघा, मऊ लागंल ती घ्या.

पुष्पावती : आणि त्याच्या वह्या?

सविता : पलंगाखाली दोन खोकी बसतील. बाकीची तीन, ते पाडव्याला आले तर त्यांच्यासमोर उघडा. तेच ठरवतील.

पुष्पावती : नाही आले तर?

सविता : मंग माझ्यासमोर उघडा. पुढच्या महिन्यात.

* * *

पुष्पावती : हे घे, लिहून ठेवलंय. वाचते. 'सदर बाईंनी माझ्या राहत्या घरातील मागची खोली तीन दिवसांत व्यवस्थित लावून दिली. कोणतीही वस्तू विचारल्याशिवाय हलवली नाही. वस्तूंबरोबर माणसालाही समजून घेतात. माझी शिफारस आहे.' खाली सही, तारीख.

सविता : सदर म्हंजी?

पुष्पावती : म्हणजे हीच. दुसरी नाही.

सविता : तिसरी वळ परत वाचा.

पुष्पावती : 'वस्तूंबरोबर माणसालाही समजून घेतात.' जास्त झालं का?

सविता : न्हाई. ऱ्हाऊ द्या. पूजाला पाठवते आधी.

पुष्पावती : आणि फोटो काढायचा असेल तर काढ.

सविता : खरंच?

पुष्पावती : पलंग येऊ दे त्यात. आणि ती उशी सरळ कर. माझी खोली आहे म्हटल्यावर नीट दिसायला हवी.

सविता : …हा बघा. कसा आलाय?

पुष्पावती : मोठी दिसते. सायकल अर्धी आलीये.

सविता : काढू का ती, परत घेऊ?

पुष्पावती : असू दे.

सविता : चला, निघते मी. सव्वासहाचं ऊन बी उतरलं. उद्या बँकेतल्या त्या पयल्या बाईकडं जायचंय, तिच्या स्वयंपाकघराचं माप घ्यायला.

पुष्पावती : अगदी उद्याच?

सविता : दिशामॅडमनी आत्ताच कळवलं. तुमी फोनवर बोलला म्हनं त्यांच्याशी.

पुष्पावती : दोन शब्द बोलले. परत येशील ना?

सविता : येईन. कामाला न्हाई, अशीच. चहा तुमी करायचा.

पुष्पावती : कधी?

सविता : ते न्हाई सांगत. वार सांगितला की तुमी सकाळपासनं वाट बघनार. आन् मला यायला जमलं न्हाई तर…

पुष्पावती : कळलं. नको सांगूस.

सविता : रात्री झोप न्हाई लागली नव्या जागी, तर उठून दिवाणावर जाऊ नका. पडून ऱ्हावा. दोन-तीन दिसांत लागती.

पुष्पावती : तुला केडगावच्या खोलीत कधी लागली?

सविता : मला अजून कमीच लागती. पन मी पडून ऱ्हाते.

पुष्पावती : जप हो. रिक्षा मिळेल ना?

सविता : नाक्यावर मिळंल. येते काकू.

पुष्पावती : सविता. जाताना गेटची कडी लावू नकोस.

सविता : का? कुत्री शिरतील की आत.

पुष्पावती : मी लावीन थोड्या वेळानं. कडी वाजली की लगेच कळतं, माणूस गेलं म्हणून.